साका आणि तराजू

इ. स. १९१७ सालीं ‘लँड अँड लेबर इन ए डेक्कन व्हिलेज’ या नांवाचें एक पुस्तक प्रसिद्ध झालें. त्याचे कर्ते डॉ. हॅरल्ड मॅन हे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते व मूळचे रसायनशास्त्रज्ञ होते. पुस्तकाचा विषय म्हणजे पुण्याजवळचें, पवनेच्या कांठचें पिंपळे सौदागर हें लहानसें खेडें. जमिनीचे तुकडे किती, पिकें कोणतीं, कर्ज किती, कुटुंबाला वर्षाकांठीं लागतें किती आणि मिळतें किती, असा सारा हिशेब मॅनसाहेबांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं मांडला. रसायनशास्त्रज्ञानें माणसांच्या संसाराचें केलेलें तें पृथक्करणच होतें. त्या खेड्याच्या शेतांवर आज उंच इमारतींची दाट वस्ती उभी आहे, आणि जुन्या हिशेबांतील पुष्कळशा रकमा आतां केवळ इतिहासजमा झाल्या आहेत. एक रकम मात्र त्या काळीं हिशेबांत धरण्याचें कोणाला कारणच नव्हतें. ती म्हणजे नदीच्या पाण्यांतील धातूची.

स्वातंत्र्य मिळालें त्या सुमारास पिंपरी आणि चिंचवड हीं दोन निराळीं गांवें होतीं. चिंचवड लोकांस ठाऊक होतें तें मोरया गोसावींच्या समाधीमुळें. पिंपरीस फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी पडली, आणि ‘पिंपरी कँप’ हें नांव तेव्हांपासून रूढ झालें. १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना तेथें निघाला व देशांतील पेनिसिलीन पिंपरीस तयार होऊं लागलें. १९६२ च्या ऑगस्टमध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर माळरानाची आंखणी झाली, रस्ते झाले, नळ आले. आकुर्डीस स्कूटरी आणि पिंपरीस मालमोटारी बनूं लागल्या. १९७० सालीं तेथें नगरपालिका आली आणि १९८२ सालीं महानगरपालिका. चाकणची गोष्ट याहून उशिराची. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्तेखानाच्या फौजेपुढें जवळजवळ दोन महिने झुंजविलेला भुईकोट आणि कांद्या-बटाट्याचा बाजार, एवढीच त्या गांवाची ख्याति पुष्कळ काळ होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस मोटारींचे कारखाने तेथें येऊं लागले, आणि २००९-१० पर्यंत परदेशी व देशी अशा अनेक मोठ्या कंपन्यांच्या मोटारी चाकणच्या माळावर जुळविल्या जाऊं लागल्या.

मोठ्या कारखान्यांचीं नांवें सर्वांस ठाऊक असतात. त्यांना माल पुरविणारे लहान कारखाने मात्र पत्र्याच्या छपराखालीं, एखाद्या गाळ्यांत चालतात. आरशाची दांडी, बोल्ट, दाराची मूठ अशा भागांवर जस्ताचा, निकेलचा किंवा क्रोमियमचा पातळ थर चढविणें हें त्यांपैकीं पुष्कळांचें काम. जुन्या मराठींत याला मुलामा देणें म्हणत. गाळ्यांतला कामगार सरळ ‘प्लेटिंग’ म्हणतो. निकेलच्या टाकींतलें द्रावण अमेरिकेंतील ऑलिव्हर वॉट्स यानें १९१६ सालीं बसवून दिलेल्या धर्तीवरच बहुतेक ठिकाणीं अजून तयार होतें: निकेल सल्फेट, थोडें निकेल क्लोराइड आणि बोरिक आम्ल. अशा द्रावणाच्या एका लिटरांत सुमारें ७० ग्रॅम निकेल असतें. टाकींतून उचललेला भाग निथळून धुण्याच्या पाण्यांत बुडवितात, आणि त्याच्या अंगाला चिकटलेलें द्रावण त्या पाण्यांत उतरतें. चिकटून आलेलें हें द्रावण एका घनसेंटिमीटराएवढेंच असलें तरी त्यांत ७० मिलिग्रॅम निकेल असतें. नदींत सोडावयाच्या सांडपाण्यांत लिटरमागें ३ मिलिग्रॅमहून अधिक निकेल असूं नये असा आपल्याकडील नियम आहे. म्हणजे टाकींतलें एक लिटर द्रावण नुसतें पाणी ओतून नियमांत बसवावयाचें म्हटलें तर तेवीस हजार लिटरांहून अधिक पाणी ओतावें लागेल. आणि इतकें करूनहि निकेल होतें तेवढेंच राहील, फक्त पसरलेलें.

टाकींतलें द्रावण गर्द हिरवें असतें. तेंच पाण्यांत हजारो पटींनीं विरलें कीं रंग जातो, वास तर मुळांत नसतोच, आणि पेल्यांत धरलें तर तें पाणी विहिरीच्या पाण्याहून निराळें दिसत नाहीं. मग त्यांत धातु आहे हें ओळखावें कसें, आणि किती आहे हें मोजावें कसें? या प्रश्नाचें पहिलें पक्कें उत्तर ज्या रीतीनें मिळालें ती रीत कारखान्यांहून पुष्कळ जुनी आहे. दोन स्वच्छ पाणी एकत्र करावीं आणि तीं एकाएकीं गढूळ व्हावीं, थोड्या वेळानें तळाशीं कांहीं बसावें, असा चमत्कार अनेकांनीं पाहिलेला असतो. तळाशीं बसणाऱ्या या पदार्थाला आपल्या भाषेंत साका म्हणतात. पाठ्यपुस्तकांत त्याला अवक्षेप असें नांव आहे. पाण्यांत विरघळलेला धातु विद्युद्भारित कणांच्या, म्हणजे आयनांच्या रूपानें मोकळा हिंडत असतो. ज्याच्याशीं जोडी जमली असतां पाण्यांत राहतां येत नाहीं असा सोबती त्याला भेटला, कीं दोघेहि मिळून घनरूपानें खालीं बसतात. योग्य सोबती निवडला तर एकच धातु खालीं येतो व बाकीचे पाण्यांतच राहतात. या निवडीचा इतिहास म्हणजेच पाण्याच्या पृथक्करणाचा इतिहास, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

हिरडा आणि हिराकस एकत्र केले म्हणजे काळा रंग होतो हें आपल्याकडील रंगाऱ्यांना व शाई करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार, आणि हिरड्यांतील तुरट द्रव्याशीं त्याची गांठ पडली कीं काळें द्रव्य तयार होतें. याच गुणाचा उपयोग परीक्षेसाठीं केल्याची नोंद पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी याच्या लिखाणांत आहे. तांब्यापासून होणारें जंगाल त्या वेळीं महाग असे आणि लबाड व्यापारी त्यांत हिराकस मिसळीत. माजूफळाच्या रसांत भिजविलेल्या कागदावर तें जंगाल लावावें. भेसळ असेल तर कागद काळा पडतो, असें प्लिनी सांगतो. परीक्षेच्या कागदाचा हा फार जुना दाखला आहे, आणि तो फसवणूक पकडण्याच्या गरजेंतून आला, हेंहि ध्यानांत घेण्यासारखें आहे.

सतराव्या शतकांत रॉबर्ट बॉइल यानें ही युक्ति खनिज पाण्यांकडे वळविली. त्या काळीं यूरोपांत औषधी झऱ्यांचें मोठें वेड होतें, आणि कोणत्या झऱ्यांत काय आहे यावर वैद्यांचे वाद चालत. १६८५ सालीं बॉइलनें खनिज पाण्यांच्या परीक्षेवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. समुद्राचें पाणी गोडें केल्याचा दावा तपासतांनाहि त्यानें रुप्याचें द्रावण वापरलें. पाण्यांत मिठाचा अंश राहिला असेल तर रुप्याच्या संगतीनें पांढरा ढग उठतो. मात्र बॉइलचा प्रश्न ‘आहे कीं नाहीं’ एवढाच होता. ‘किती आहे’ हें विचारण्याची वेळ अजून आली नव्हती.

ती वेळ आणली स्वीडनमधील टॉर्बर्न बर्गमन यानें. हा उप्सालाच्या विद्यापीठांत रसायनाचा प्राध्यापक होता. प्रकृति नाजूक, आणि वैद्यांनीं परदेशची खनिज पाणी पिण्यास सांगितलेलें. तीं महाग पडत म्हणून त्यानें त्यांचें पृथक्करण करून तशींच पाणी घरीं तयार करण्याचा उद्योग आरंभिला. आजाऱ्याच्या या खटपटींतून १७७८ सालीं पाण्याच्या पृथक्करणावरील त्याचा प्रसिद्ध निबंध निघाला. कोणत्या द्रव्यासाठीं कोणतें द्रावण घालावें याची व्यवस्थित मांडणी त्यांत आहे. चुन्यासाठीं त्यानें जें द्रव्य सर्वांत विश्वासाचें मानलें तें साखरेपासून काढलेलें आम्ल, ज्याला आज आपण ऑक्झॅलिक आम्ल म्हणतों. पाण्यांत चुन्याचा लेशहि असला तरी या आम्लानें पांढरी भुकटी खालीं बसते. ही भुकटी मराठी घरांना अगदींच परकी नाहीं. अळूचें फतफतें नीट न शिजलें तर घसा खवखवतो तो पानांतील याच कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सूक्ष्म सुयांमुळें. मुतखड्याचा मोठा भागहि पुष्कळदां याच पदार्थाचा असतो.

बर्गमनची खरी थोरवी मात्र आम्ल निवडण्यांत नव्हे. धातु मोजावयाचा तर तो शुद्ध धातूच्या रूपांत परत आणावा लागतो अशी तोंवरची समजूत होती, आणि भट्टी, कोळसा, मूस या साऱ्या खटाटोपांत कांहीं ना कांहीं वांया जाईच. बर्गमननें म्हटलें, धातु परत आणण्याचें कारण नाहीं. साका धुवावा, वाळवावा, तोलावा. त्या साक्यांत धातूचा हिस्सा किती हें एकदां ठरवून ठेवलें म्हणजे पुढें केवळ त्रैराशिकाचें काम. त्याचे स्वतःचे आंकडे आजच्या मानानें बरेच चुकलेले आहेत, कारण साका किती वाळला म्हणजे खरोखर वाळला हें त्या वेळीं निश्चित नव्हतें. वजन बदलेनासें होईपर्यंत साका तापवावयाचा, ही शिस्त पुढें बर्लिनच्या क्लाप्रोथनें घालून दिली. त्या शिस्तीवांचून तराजू कितीहि नाजूक असला तरी व्यर्थ होता.

एकोणिसाव्या शतकांत ही विद्या झऱ्यांवरून टांकसाळींत गेली, आणि तेथें तिला पैशाचें बळ मिळालें. नाण्यांतील चांदीचा कस पाहण्याची रीत तोंवर अग्नीची होती. शिशाबरोबर चांदी हाडांच्या राखेच्या मुशींत तापविली कीं हिणकस धातु राखेंत शोषले जात आणि चांदीचा मणी उरे. पण त्याबरोबर थोडी चांदीहि राखेंत मुरे व कस खरा असतो त्याहून कमी दिसे. चांदी विकावयास आणणाऱ्या व्यापाऱ्याला हें नुकसान सोसावें लागे. तक्रारी वाढल्या तेव्हां फ्रेंच सरकारनें हा प्रश्न गे-ल्युसाक या रसायनशास्त्रज्ञापुढें ठेवला. १८३२ सालीं त्यानें जी रीत प्रसिद्ध केली तिच्यांत अग्नि नव्हता, तराजूचें कामहि थोडेंच होतें. चांदी नायट्रिक आम्लांत विरघळवावी आणि तिच्यांत ठराविक ताकदीचें मिठाचें पाणी मापून घालावें. चांदीचा दह्यासारखा पांढरा साका होतो. बाटली जोरानें हलविली कीं साका एकत्र होऊन खालीं बसतो व वरचें पाणी नितळ होतें. त्यांत मिठाच्या पाण्याचा आणखी थेंब घालावा. ढग उठला तर चांदी अजून उरली आहे, न उठला तर संपली. मिठाचें पाणी त्यानें असें बेतलें होतें कीं १०० घनसेंटिमीटर पाण्यानें बरोबर १ ग्रॅम चांदी खालीं यावी, लिटरांत ५.४२ ग्रॅमच्या आसपास मीठ घातलें म्हणजे तसें पाणी होतें. स्वयंपाकघरांतील मिठानें टांकसाळींतील चांदीचा न्याय केला. पुढें १८५६ सालीं फ्रीड्रिख मोर यानें हाच खेळ उलटा मांडला व रुप्याच्या द्रावणानें पाण्यांतील मीठ मोजलें. शेवटचा थेंब कोणता हें ओळखण्यासाठीं त्यानें पिंवळें पोटॅशियम क्रोमेट घातलें. मीठ संपतांच चांदी क्रोमेटला धरते आणि विटकरी रंग चढतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत ही कसोटी विद्यार्थी अजून करतात, आणि शेवटचा थेंब चुकून अधिक पडल्याची हळहळहि तशीच अजून होते.

घरोघरीं होणाऱ्या साक्याची गोष्ट याच सुमाराची आहे. दख्खनच्या काळ्या खडकांतील पुष्कळ विहिरींचें पाणी जड असतें. त्यांत डाळ लवकर शिजत नाहीं आणि साबणाला फेंस येत नाहीं. कारण पाण्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशीं जोडी जमवून बादलीच्या कडेला चिकटणारा पांढरट चिकटा तयार करतात, आणि हे धातु संपेपर्यंत फेंस येतच नाहीं. अॅबर्डीनचे प्राध्यापक टॉमस क्लार्क यांनीं या त्रासाचेंच माप केलें. ठराविक ताकदीचें साबणाचें पाणी बाटलींत थेंबाथेंबानें घालून हलवीत राहावयाचें. फेंस टिकूं लागला कीं किती साबण लागला त्यावरून पाण्याचा जडपणा सांगावयाचा. १८४१ सालीं क्लार्क यांनीं जड पाणी चुन्यानेंच हलकें करण्याच्या रीतीचें पेटंट घेतलें. चुना काढण्यासाठीं चुना घालावयाचा, हें ऐकावयास विचित्र वाटतें. पण पाण्यांतील चुना ज्या कर्बाम्लाच्या आधारानें विरघळलेला असतो तो आधार नवीन चुना काढून घेतो, आणि दोन्ही मिळून खडूच्या रूपानें खालीं बसतात. शंभर वर्षें साबणाची ही परीक्षा जगभर चालली. १९४५-४६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील श्वार्त्सेनबाख यांनीं साका न होतांच जडपणा मोजण्याची रीत काढली आणि साबणाची बाटली प्रयोगशाळेंतून गेली.

येथें आळंदीच्या फेंसाचा उल्लेख करणें प्राप्त आहे. इंद्रायणीच्या पात्रावर तरंगणारा पांढरा फेंस पाहून ‘कारखान्यांचे धातु आले’ असें पुष्कळ लोक म्हणतात. धातूंनीं फेंस होत नाहीं. क्लार्क यांच्या बाटलींत दिसतें त्याप्रमाणें जड पाण्यांतले धातु साबणाचा फेंस मारतातच. पण आजचीं धुण्याचीं कृत्रिम द्रव्यें साबणासारखीं नाहींत. कॅल्शियमशीं गांठ पडली तरी त्यांचा साका होत नाहीं, म्हणूनच जड पाण्यांतहि तीं कपडे धुतात, आणि म्हणूनच सांडपाण्याबरोबर नदींत आलीं कीं बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याचा फेंस होतो. वारकऱ्याच्या पायांना लागणारा फेंस मुख्यतः घरांच्या आणि कारखान्यांच्या धुण्याचा आहे. निकेल किंवा क्रोमियम त्या पाण्यांत असलें तर तें फेंसाच्या खालीं, न दिसणारें असतें. वृत्तपत्रांत छायाचित्र येतें तें फेंसाचें. धातूचें छायाचित्र घेतां येत नाहीं, ही धातूची सोय आहे.

निकेलला दिसतें करणारें द्रव्य सांपडलें तें विसाव्या शतकाच्या आरंभीं. रशियन रसायनशास्त्रज्ञ लेव्ह चुगायेव्ह यांनीं १९०५ सालीं दाखविलें कीं डायमिथिलग्लायॉक्झिम नांवाचें एक सेंद्रिय द्रव्य निकेलशीं जोडी जमवून गर्द तांबडा साका देतें. तोंवरचे सोबती एकाच वेळीं अनेक धातूंना धरणारे असत. फ्रेझेनियसच्या पद्धतींतील सडक्या अंड्यांच्या वासाचा तो वायू तर धातूंचा सगळा गटच्या गट एकदम खालीं आणतो, आणि महाविद्यालयाच्या जिन्यापर्यंत आपली वर्दी देतो. चुगायेव्ह यांचें द्रव्य तसें नव्हतें. हलक्या अल्कधर्मी पाण्यांत तें नेमकें निकेलला निवडतें. दोनच वर्षांत, १९०७ सालीं, जर्मनींतील ब्रुंक यानें याच साक्याच्या वजनावरून निकेल मोजण्याची रीत बसविली.

ती रीत मुलाम्याच्या गाळ्यांतील धुण्याच्या पाण्याला लावून पाहावी. एक लिटर नमुना घेऊन तो गाळावा व थोडा आम्लधर्मी करावा. अशा पाण्यांत लोह व क्रोमियमहि असतें, आणि अमोनिया घालतांच त्यांचा साका होऊन सारा हिशेब बिघडेल. म्हणून आधीं टार्टरिक आम्ल घालतात. चिंचेला जें आंबट करतें तेंच हें आम्ल. तें लोहाला व क्रोमियमला धरून ठेवतें आणि खालीं बसूं देत नाहीं. मग पाणी ऊन करून डायमिथिलग्लायॉक्झिमचें मद्यार्कांतील द्रावण घालावें, आणि वरून सावकाश अमोनिया. पाण्यावर तांबूस छटा येते, ती गडद होते, आणि पाहतां पाहतां कुंकवासारखा साका पात्रभर पसरतो. तो निवाला कीं सच्छिद्र कांचेच्या मुशींतून गाळावा, धुवावा, ११० ते १२० अंशांवर वाळवावा व वजन स्थिर होईपर्यंत तोलावा. या साक्याच्या वजनाचा ०.२०३ इतका हिस्सा निकेल असतो. मुशीचें वजन १४८ मिलिग्रॅम वाढलें असेल तर त्या लिटरांत ३० मिलिग्रॅम निकेल होतें, म्हणजे मर्यादेच्या दहापट. लाखो रुपयांचें यंत्र नाहीं, वीजहि जवळजवळ लागत नाहीं. लागतो तो एक चांगला तराजू, अर्धा दिवस आणि धीर.

या रीतीची मर्यादाहि त्याच तराजूंत आहे. सांडपाण्याच्या मर्यादेइतकें, म्हणजे ३ मिलिग्रॅम निकेल असलेल्या लिटरांतून १५ मिलिग्रॅमच्या आसपास साका मिळतो. महाविद्यालयांतला तराजू एक दशांश मिलिग्रॅम दाखवितो, तेव्हां हें वजन पुरेसें खात्रीचें असतें. पण पिण्याच्या पाण्यासाठीं भारतीय मानकानें निकेलची मर्यादा लिटरमागें ०.०२ मिलिग्रॅम ठेविली आहे. तेवढ्याचा साका होईल एक दशांश मिलिग्रॅम, म्हणजे तराजूचा काटा जेमतेम हलेल तेवढा. शिवाय पाण्यांत अगदीं न विरघळणारा असा साका जगांत नाहीं. वाल्टर नर्न्स्ट यानें १८८९ सालीं सिद्धांत मांडला कीं प्रत्येक साक्याच्या दोन भागांचा पाण्यांतील गुणाकार एका ठराविक आंकड्याखालीं असेपर्यंत कांहींच खालीं बसत नाहीं. शोधकर्त्याचें कौशल्य कितीहि असो, तो आंकडा त्याला ओलांडतां येत नाहीं. १९५५ सालीं ऑस्ट्रेलियांतील अॅलन वॉल्श यांनीं ज्योतींत फवारलेल्या धातूच्या अणूंनीं शोषलेल्या प्रकाशावरून धातु मोजण्याची पद्धति जगापुढें ठेविली, आणि लेशमात्र धातूंचें मोजमाप पुढें तशा यंत्रांकडे गेलें. आज सरकारमान्य प्रयोगशाळांतून तींच चालतात.

महाराष्ट्रानें जलप्रदूषणाचा कायदा १९६९ सालींच केला, केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्याहि आधीं, आणि १९७० च्या सप्टेंबरांत त्यासाठीं मंडळ स्थापन झालें. केंद्राचा कायदा राज्यानें १९८१ सालीं स्वीकारला. त्या कायद्यांतील नमुना घेण्याचें कलम वाचतांना गे-ल्युसाकच्या टांकसाळीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. अधिकाऱ्यानें कारखानदाराला सूचना द्यावयाची, नमुना त्याच्या समक्ष घ्यावयाचा, त्याचे दोन भाग करून मोहोरबंद करावयाचे, दोघांनीं सह्या करावयाच्या. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेकडे, आणि कारखानदारानें मागितल्यास दुसरा सरकारनें नेमलेल्या दुसऱ्या प्रयोगशाळेकडे. चांदी विकणाऱ्याला कस कमी लागण्याची भीति होती, येथें कारखानदाराला अधिक लागण्याची आहे. पण टांकसाळींत चांदीचा धनी समोर उभा असे. नदीच्या बाबतींत तो विखुरलेला आहे. पवना दापोडीस मुळेला मिळते, इंद्रायणी तुळापुरास भीमेला. दोन्हींचें पाणी शेवटीं उजनीच्या जलाशयांत जातें, त्यावर सोलापूर शहर तहान भागवितें, आणि त्याच भीमेच्या कांठीं पंढरपूर आहे. बाटलीवर सही करण्यासाठीं यांपैकीं कोणी हजर नसतो.

मोजण्याची जी रीत तीच शुद्धीचीहि रीत आहे. धुण्याच्या पाण्यांत चुना किंवा कॉस्टिक सोडा घालून तें अल्कधर्मी केलें कीं निकेल, जस्त, तांबें हे सारे आपापल्या हायड्रॉक्साइडच्या रूपानें खालीं बसतात. बोलावयास सोपें, करावयास अवघड. कारण प्रत्येकाचा मुहूर्त निराळा. अल्कता मोजण्याच्या सामूच्या मापावर क्रोमियम आठ-साडेआठच्या आसपास उत्तम बसतें, निकेलला दहाच्या पुढें जावें लागतें, आणि तेथवर गेलें तर खालीं बसलेलें क्रोमियम पुन्हा विरघळूं लागतें. एकाच गाळ्यांतील सर्व टाक्यांचें पाणी एका हौदांत सोडणाऱ्याला म्हणूनच कोणताहि धातु धड सांपडत नाहीं. पाणी टाकीटाकीचें वेगळें ठेवणें हा त्यावर साधा उपाय आहे, आणि जागा अपुरी असल्यानें नेमका तोच टाळला जातो.

क्रोमियमची तर आणखी एक खोड आहे. मुलाम्याच्या टाकींत तें ज्या रूपांत असतें, ज्याला षट्‌संयुजी क्रोमियम म्हणतात, तें चुन्याला दाद देत नाहीं. कितीहि चुना घाला, पिंवळें पाणी पिंवळेंच राहतें. कर्करोगास कारण होणारें रूपहि हेंच, आणि म्हणून सांडपाण्यांत त्याची मर्यादा लिटरमागें ०.१ मिलिग्रॅम इतकी कडक आहे. त्याला आधीं आम्लधर्मी पाण्यांत त्रिसंयुजी करावें लागतें, मगच चुना घालतां येतो. या कामासाठीं वापरल्या जाणाऱ्या स्वस्त द्रव्यांपैकीं एक आहे हिराकस. जंगालांतील भेसळ म्हणून प्लिनीनें जें पकडलें, तेंच आज विष उतरविण्यासाठीं मुद्दाम विकत आणतात.

एवढें केल्यावर वरचें पाणी नितळ होतें आणि तळाशीं चिखलासारखा गाळ उरतो. धातु नाहींसा झालेला नसतो. तो नदीऐवजीं हौदाच्या तळाशीं आहे, एवढाच फरक. हा गाळ उघड्यावर टाकला आणि त्यावर आम्लधर्मी पाणी पडलें तर सारी क्रिया उलटी फिरते व निकेल पुन्हा विरघळून विहिरींकडे निघतें. म्हणून तो दाबून, पाणी पिळून, पिंपांत भरून रांजणगांव येथील घातक कचऱ्याच्या केंद्राकडे पाठविण्याची व्यवस्था आहे. तेथें पुरण्यापूर्वीं त्यांतून किती धातु पाझरूं शकेल हें तपासावें लागतें. आजच्या प्रयोगशाळेंत तें काम यंत्र करतें. ज्याच्यापाशीं यंत्र नसेल त्यानें चिमूटभर गाळ आम्लांत विरघळवावा, चिंचेचें आम्ल घालावें, अमोनिया घालावा, आणि वरून चुगायेव्हच्या द्रावणाचे चार थेंब. गाळांत निकेल असेल तर परीक्षानळींत पुन्हा तोच तांबडा साका उतरतो.